क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर: आत काय चालतं आणि घरी कसा जुळवायचा

एलए ४४४० किंवा टीडीए २०५० या जुन्या चिपांवर कधीकाळी अ‍ॅम्प्लिफायर जुळवलेल्या माणसाला हीटसिंकला बोट लावून सांगता येतं, की आवाज किती मोठा चाललाय. आता तळहाताएवढा टीपीए ३११६ या क्लास-डी चिपचा बोर्ड मिळतो, त्यावर नखाएवढं हीटसिंक असतं, आणि तो त्या जुन्या डब्यापेक्षा जास्त वाजतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असले बोर्ड ढिगाने पडलेले असतात.

बोर्ड आणून चार वायरी जोडणं सोपं आहे. पण तो शिट्टी का मारतो, बेस आला की बंद का पडतो, स्पीकर बदलल्यावर ट्रेबल का बसतो, हे कळायचं तर आत काय चाललंय ते माहीत हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. चिपांमध्ये उडदामाजी काळे-गोरे निवडत बसण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. आवाज बनतो किंवा बिघडतो तो कॉइल, कंडेन्सर आणि सप्लाय या तीन ठिकाणी. म्हणून इथे जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

पायरी १: उष्णता येते कुठून, ते पाहा

जुन्या क्लास-एबी अ‍ॅम्पचं उदाहरण घेऊ. सप्लाय अधिक-उणे २४ व्होल्ट, स्पीकर ८ ओहम. एखाद्या क्षणी स्पीकरवर १२ व्होल्ट आहेत, म्हणजे त्यातून १.५ अ‍ॅम्पिअर जातोय. उरलेले १२ व्होल्ट कुठे गेले? आउटपुट ट्रान्झिस्टरवर. तोच दीड अ‍ॅम्पिअर त्याच्यातूनही जातो, त्यामुळे स्पीकरला १८ वॅट मिळत असताना ट्रान्झिस्टर १८ वॅट नुसते तापून घालवतो. पंख्याचा जुना, रेझिस्टन्सवाला रेग्युलेटर एक-दोन नंबरवर असताना गरम व्हायचा, तसाच हा प्रकार.

अशा रचनेची, म्हणजे हिशेबापुरती क्लास-बी ची, कार्यक्षमता कागदावर जास्तीत जास्त ७८.५ टक्के. हा आकडाही साइन वेव्ह अगदी पूर्ण ताकदीने चालू असतानाच मिळतो. गाणं तसं वाजत नाही. गाण्यात शिखरं उंच आणि सरासरी खाली असते, म्हणून अ‍ॅम्प तपासताना पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर तपासण्याची पद्धत आहे. त्या पातळीला क्लास-बी ची कार्यक्षमता साधारण २८ टक्क्यांवर येते. म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प १२.५ वॅट वाजवताना सप्लायमधून सुमारे ४५ वॅट ओढतो आणि त्यातले ३२ वॅट हीटसिंकला देतो. क्लास-डी चा खरा फायदा इथे आहे. फुल आवाजाच्या आकड्यांची तुलना करून तो कळत नाही.

आता तोच ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा कधी ठेवायचाच नाही असं ठरवलं तर? पूर्ण चालू असताना त्यातून करंट जातो, पण त्याच्यावर व्होल्टेज जवळपास नसतं. पूर्ण बंद असताना व्होल्टेज असतं, पण करंट नसतो. टीपीए ३११६ मधल्या प्रत्येक मॉस्फेटचा (स्विचसारखा चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) चालू असतानाचा रेझिस्टन्स सुमारे १२० मिलिओहम आहे. त्यातून दीड अ‍ॅम्पिअर गेला तर उष्णता होते ०.२७ वॅट. वरच्या १८ वॅटशेजारी हा आकडा ठेवून बघा, म्हणजे नखाएवढं हीटसिंक का पुरतं ते कळेल.

पायरी २: आवाजातून पल्स कसे बनतात

चालू-बंद करायचं ठरलं, पण कधी चालू आणि किती वेळ? त्यासाठी एक त्रिकोणी लहर तयार करतात, समजा ४०० किलोहर्ट्झची. कंपॅरेटरच्या, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटच्या, एका पायावर ही लहर, दुसऱ्यावर गाण्याचा सिग्नल. सिग्नल त्रिकोणाच्या वर असेल तितका वेळ आउटपुट चालू, खाली गेला की बंद. सिग्नल चढला की पल्स रुंद होतो, उतरला की अरुंद होतो.

सप्लाय २४ व्होल्ट असेल तर पन्नास टक्के वेळ चालू ठेवल्यावर सरासरी निघते १२ व्होल्ट. हीच शांतता. पंच्याहत्तर टक्के ठेवलं तर १८ व्होल्ट, पंचवीस टक्क्यांना ६. ही सरासरी जशी वर-खाली होते तसा स्पीकरचा कोन हलतो. पल्सची रुंदी ठरावीक पायऱ्यांमध्ये बदलत नाही, सलग बदलते. त्यामुळे नावातला डी पाहून याला डिजिटल म्हणणारा दुकानदार भेटला तर हसून सोडून द्यावं. थेट डिजिटल डेटा घेऊन त्यापासून पल्स बनवणाऱ्या चिपाही आहेत, पण ती वेगळी जात.

४०० किलोहर्ट्झच का? मानवी कानाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झ धरली तर तिच्या प्रत्येक लहरीला २० पल्स मिळतात, आणि नंतरच्या फिल्टरला पल्स आणि गाणं वेगळं करायला मधे भरपूर मोकळी जागा राहते. वारंवारता आणखी वाढवली तर फिल्टर लहान होतो, पण मॉस्फेट जास्त वेळा उघड-झाप करतो, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा जातेच.

ही कल्पना नवीन मुळीच नाही. इंग्लंडच्या सिंक्लेअर रेडिऑनिक्सने १९६४ मध्ये एक्स-१० नावाचा किट विकायला काढला होता. त्याच्या नावातले १० वॅट काही त्यातून निघत नसत, अडीचेक वॅट निघत. कल्पना बरोबर होती, ट्रान्झिस्टर मंद होते. चालू-बंद करायलाच ते इतका वेळ घेत, की अर्धवट उघड्या अवस्थेतच तापत राहत. जलद मॉस्फेट आल्यावर गाडी पुढे सरकली. १९९० च्या दशकात आद्य त्रिपाठी यांच्या ट्रायपाथ कंपनीने छोट्या चिपा आणल्या. टीए २०२४ वरचे चिमुकले अ‍ॅम्प अजूनही काही हौशी लोक जपून वापरतात.

पायरी ३: गेट आणि डेड टाइम

आउटपुटला दोन मॉस्फेट एकावर एक असतात. वरचा सप्लायला जोडलेला, खालचा ग्राउंडला. वरचा चालू असेल तेव्हा खालचा बंद हवा आणि उलटही. दोन्ही क्षणभर एकदम चालू झाले तर सप्लाय थेट ग्राउंडला शॉर्ट. हे टाळायला एक बंद झाल्यावर दुसरा चालू होण्याआधी काही नॅनोसेकंद दोन्ही बंद ठेवतात. हाच डेड टाइम. तो फार कमी ठेवला तर मॉस्फेट तापतात, फार वाढवला तर पल्सची रुंदी खोटी होते आणि आवाजात खर येते. ४०० किलोहर्ट्झच्या एका फेरीला २५०० नॅनोसेकंद असतात. त्यातले वीस-तीस नॅनोसेकंद इकडचे तिकडे झाले तरी टक्काभर चूक होते. तयार चिप घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हे. हा हिशेब तिच्या आत आधीच जमवलेला असतो.

वरच्या मॉस्फेटची आणखी एक गरज असते. तो पूर्ण उघडायचा तर त्याच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, सप्लायपेक्षाही काही व्होल्ट जास्त द्यावे लागतात. ते येतात बूटस्ट्रॅप कंडेन्सरमधून. खालचा मॉस्फेट चालू असताना हा कंडेन्सर भरतो, वरच्याची पाळी आली की त्याच्या गेटला पुरवठा करतो. बोर्डावर आउटपुटच्या पायांशेजारी ०.२२ मायक्रोफॅरडचे चार छोटे सिरॅमिक दिसतात, ते हेच. एक चॅनेल अगदी क्षीण किंवा फाटका वाजत असेल तर मी आधी त्यांचं सोल्डर भिंगाखाली पाहतो.

पायरी ४: हाफ ब्रिज की फुल ब्रिज

दोन मॉस्फेटची एक जोडी म्हणजे हाफ ब्रिज. स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक जोडी लावली आणि त्या एकमेकांच्या उलट चालवल्या की झाला फुल ब्रिज. त्यात स्पीकरवर सप्लायचं पूर्ण व्होल्टेज दोन्ही दिशांनी येऊ शकतं. हिशेब सोपा आहे. सप्लायचा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. २४ व्होल्टवर ८ ओहमला ३६ वॅट, १२ व्होल्टवर ४ ओहमला १८ वॅट. प्रत्यक्षात मॉस्फेट आणि कॉइल थोडं खातात, म्हणून याहून थोडं कमीच धरा.

हे सूत्र खिशात ठेवून बाजारात जा. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या बोर्डावर २०० वॅट लिहिलं असेल तर तो आकडा पूर्वीच्या टेपरेकॉर्डरवरच्या पीएमपीओचा, म्हणजे फुगवून छापलेल्या वॅटचा, सख्खा भाऊ. टीपीए ३११६ च्या माहितीपत्रकातले दर चॅनेलचे ५० वॅटही २१ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शन एवढ्या अटींवरचे आहेत. १० टक्के म्हणजे कानाला सरळ सरळ फाटका आवाज.

हाफ ब्रिजला एक खोड आहे. खोल बेसच्या वेळी कॉइलमधली ऊर्जा उलट सप्लायमध्ये ढकलली जाते आणि एका बाजूचं व्होल्टेज चढत जातं. मोठ्या सबवूफर अ‍ॅम्पमध्ये यावरून सप्लाय ट्रिप होतो. फुल ब्रिजमध्ये एका जोडीने ढकललेलं दुसरी ओढून घेते, त्यामुळे हा प्रश्न जवळपास मिटतो. घरच्या कामाला फुल ब्रिजच घ्या.

पायरी ५: फिल्टर, म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर

आउटपुटला आता २४ व्होल्टचे चौकोनी पल्स आहेत. त्यातून गाणं वेगळं काढायचं काम प्रत्येक पायावरची एक कॉइल आणि तिच्यापुढे ग्राउंडला जाणारा एक कंडेन्सर करतात.

फुल ब्रिजमध्ये प्रत्येक बाजूला स्पीकरचा अर्धा भाग दिसतो असं धरायचं. ८ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक बाजूला ४ ओहम. फिल्टरची हद्द, म्हणजे जिच्या वरचं तो दाबायला लागतो ती वारंवारता, ४० किलोहर्ट्झ ठेवू. कॉइल काढायला ४ ला १.४१४ ने गुणा आणि ६.२८ गुणिले ४०,००० ने भागा. उत्तर येतं साडेबावीस मायक्रोहेन्री. कंडेन्सरसाठी ६.२८, ४०,०००, ४ आणि १.४१४ यांचा गुणाकार करून एकाला त्याने भागा. उत्तर ०.७ मायक्रोफॅरड. बाजारात २२ मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड मिळतात, तेच लावा. ४ ओहमच्या स्पीकरला कॉइल निम्मी आणि कंडेन्सर दुप्पट.

हा फिल्टर ४०० किलोहर्ट्झला सुमारे शंभर पटीने दाबतो. ८ ओहमला बसवलेला फिल्टर ४ ओहमच्या स्पीकरला लावला तर २० किलोहर्ट्झला आवाज जवळपास ४ डेसिबल खाली येतो, आणि १६ ओहमला लावला तर दीड डेसिबल वर चढतो. स्पीकर बदलल्यावर ट्रेबल बसला किंवा टोचायला लागला, याचं पुष्कळदा एवढंच कारण असतं. स्पीकर अजिबात न जोडता चढा ट्रेबल सोडणं तर टाळाच. भार नसलेला फिल्टर आपल्या हद्दीपाशी भलताच उसळतो.

स्वस्त बोर्डांवर बहुतेक वेळा १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ असतात, म्हणजे हद्द ६१ किलोहर्ट्झ. आवाजाला ते चालतं. पण कॉइल जितकी लहान तितका तिच्यातून शांततेतही फुकट फिरणारा करंट जास्त. २४ व्होल्ट आणि ४०० किलोहर्ट्झला १० मायक्रोहेन्रीमधून टोकापासून टोकापर्यंत दीड अ‍ॅम्पिअर हेलकावतो. २२ ला तोच ०.७ च्या आत येतो. गाणं बंद असताना बोर्डाच्या कॉइल कोमट लागतात त्या यामुळेच.

आता कॉइलच्या गाभ्याबद्दल, कारण घरगुती जुळवाजुळवीत सगळ्यात जास्त गडबड इथे होते. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये पिवळी, एका बाजूने पांढरी रिंग असते. ती फुकट मिळते म्हणून लोक तिच्यावर तार गुंडाळतात. मीटरवर मायक्रोहेन्री बरोबर येतात, आणि बोर्ड चालू केल्यावर रिंग भाजायला लागते. तो गाभा एवढ्या वारंवारतेसाठी बनलेलाच नाही. तुम्हाला हवी ती लाल रंगाची, दोन नंबरच्या आयर्न पावडरची रिंग. टी १०६-२ या मापावर २२ मायक्रोहेन्रीसाठी ४० वेढे लागतात. २० एसडब्ल्यूजीची तार एका थरात बसते, फक्त वेढे एकाला एक खेटून घ्यावे लागतात. एकावर एक थर चढवू नका. स्टिरिओ बोर्डाला अशा चार कॉइल लागतात, आणि चौथी गुंडाळताना बोटं कुरकुरतात हे आधीच सांगून ठेवतो.

तयार कॉइल घेणार असाल तर मायक्रोहेन्रीइतकंच तिचं सॅच्युरेशन, म्हणजे गाभा किती करंटपर्यंत टिकतो ते, पाहा. २४ व्होल्ट आणि ४ ओहम म्हणजे शिखराला ६ अ‍ॅम्पिअर, त्यात हेलकाव्याची भर. आठ-नऊ अ‍ॅम्पिअरपर्यंत न बसणारी कॉइल घ्या. गाभा सॅच्युरेट झाला की कॉइल म्हणजे नुसती तार उरते आणि चिपचं संरक्षण सर्किट आवाज तोडतं. ८ ओहमला पाच अ‍ॅम्पिअरची पुरते.

कंडेन्सर फिल्मचाच. पॉलिप्रॉपिलीन मिळाला तर उत्तम, नाहीतर ६८४ छापलेला, ६३ किंवा १०० व्होल्टचा पॉलिएस्टर. छोटे एक्स७आर सिरॅमिक या जागी नकोत. त्यांचे मायक्रोफॅरड व्होल्टेजबरोबर घटतात, म्हणजे गाण्याबरोबर फिल्टरच हलत राहतो.

पीएएम ८४०३ सारख्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या चिपांना फिल्टर नसतो. तिथे स्पीकरच्या कॉइलवरच काम भागवलेलं असतं. वायर काही सेंटिमीटरची असेपर्यंत हे ठीक. दोन मीटर वायर लावली की ती अँटेना झाली.

पायरी ६: फीडबॅक

फीडबॅक नसलेल्या क्लास-डी मध्ये सप्लायचं व्होल्टेज थेट गाण्याच्या गुणाकारात असतं. सप्लाय दहा टक्के डगमगला की आवाजही दहा टक्के. म्हणून आउटपुटचे पल्स मागे आणून सिग्नलशी ताडून पाहतात आणि फरक दुरुस्त करतात. बहुतेक चिपा हा नमुना कॉइलच्या आधी घेतात, त्यामुळे कॉइलने केलेले दोष दुरुस्त होत नाहीत. फिलिप्समध्ये असताना ब्रूनो पुत्झेस यांनी कॉइलच्या नंतरचा नमुना घेऊन सगळं वर्तुळच स्वतःहून आंदोलित होईल अशी रचना केली, आणि महागड्या हाय-फाय अ‍ॅम्पमध्ये क्लास-डी ला मान मिळाला तो बराचसा त्या वाटेने. आपल्या हातातल्या बोर्डावर ती सोय नाही, म्हणून कॉइल चांगली घ्यायची.

पायरी ७: सप्लाय

टीपीए ३११६ ची वरची मर्यादा २६ व्होल्ट. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तर ब्रिज आणि कंडेन्सरनंतर २४ व्होल्ट येतात असा हिशेब कागदावर निघतो, आणि इथेच चिपा जळतात. भार नसताना ट्रान्सफॉर्मर सहज दहा टक्के जास्त देतो. त्यात रात्री घरची लाइन २४० च्या वर गेली की आकडा २७ ला टेकतो. ट्रान्सफॉर्मरच वापरायचा असेल तर १५ व्होल्टचा घ्या, म्हणजे २० च्या आसपास मिळतील आणि वर जागाही राहील.

मला विचाराल तर पहिल्या बोर्डाला जुना लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर लावा. १९ व्होल्ट, ६५ वॅट, बंद डब्यात, उघडी २३० व्होल्टची वायर कुठेच नाही. ८ ओहमला दर चॅनेल सुमारे २२ वॅट निघतात. दहा बाय बाराच्या खोलीला हे भरपूर झालं.

अ‍ॅडॉप्टर कितीही चांगला असला तरी बोर्डाच्या सप्लाय टोकांवर ३५ व्होल्टचा, २२०० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरवाला (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कंडेन्सर असू द्या. बेसचा धक्का तो पेलतो. पण पल्सचा धक्का पेलणारा वेगळा. तो चिपच्या पायांना चिकटून बसलेला छोटा सिरॅमिक. स्वतः पीसीबी बनवणार असाल तर हा कंडेन्सर, वरचा मॉस्फेट आणि खालचा मॉस्फेट यांचं वर्तुळ जितकं लहान करता येईल तितकं करा. पाच मिलिमीटर अंतर वाढलं तरी पल्सच्या टोकाला घंटेसारखी थरथर दिसायला लागते. ती आवरायला आउटपुट पायापासून ग्राउंडला १० ओहम आणि ३३० पिकोफॅरड सिरीजमध्ये लावतात. ग्राउंडचा इनपुटकडचा भाग आणि आउटपुटकडचा भाग एकाच ठिकाणी भेटवा.

हीटसिंकबद्दल एवढंच, की टीपीए ३११६ ची धातूची पट्टी वर असते, तिला हीटसिंक हवंच. टीपीए ३११८ ची खाली असते, ती बोर्डाच्या तांब्यातून उष्णता सोडते.

पायरी ८: पहिल्यांदा चालू करताना

स्पीकर लावू नका. सप्लायच्या अधिक वायरमध्ये ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाका. चालू केल्यावर बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, कारण शांत बोर्डाला शंभर मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत पुरतात. पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा आणि सोल्डर तपासा.

मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरचं प्रत्येक टोक ग्राउंडशी मोजा. सप्लायच्या निम्मं यायला हवं, १९ ला साडेनऊच्या जवळपास. मग दोन टोकांमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. इथे व्होल्टभर दिसलं तर स्पीकर लावायचाच नाही.

आणि हे नीट वाचा. फुल ब्रिजमध्ये स्पीकरचं कोणतंही टोक ग्राउंड नसतं. दोन चॅनेलच्या उणे वायरी एकत्र करून तीन वायरींत काम भागवायची आपली जुनी सवय इथे चालत नाही. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिपसुद्धा स्पीकरच्या टोकाला लावायची नाही, ती अर्थिंगमधून शॉर्ट होऊ शकते. दोन प्रोब दोन टोकांना लावा, क्लिप बोर्डाच्या ग्राउंडला, आणि स्कोपवर वजाबाकी पाहा.

आता बल्ब काढा, ८ ओहमचा अ‍ॅल्युमिनियमच्या खोळीतला ५० वॅटचा रेझिस्टर जोडा आणि फोनवरून २०० हर्ट्झचा टोन द्या. साधे मल्टिमीटर एसीवर काही शे हर्ट्झच्या पुढे खोटं सांगतात, म्हणून २०० च. समजा रेझिस्टरवर १० व्होल्ट आले आणि सप्लायमधून १९ व्होल्टला ०.७४ अ‍ॅम्पिअर जातोय. बाहेर १२.५ वॅट, आत १४ वॅट, म्हणजे कार्यक्षमता ८९ टक्के. एकच चॅनेल चालवून हा हिशेब करा, नाहीतर दुसऱ्याचा खर्च यात मिसळतो. आकडा ८० च्या खाली आला तर हात लावून कोण तापतंय ते पाहा. बहुतेक वेळा कॉइलच सापडते.

यानंतर स्पीकर लावा.

वाजायला लागल्यावरच्या तक्रारी

सूं आवाज येतो. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, जास्त आहे. या चिपला २०, २६, ३२ आणि ३६ डेसिबल असे चार टप्पे आहेत आणि तो टप्पा बोर्डावरच्या दोन रेझिस्टरवरून ठरतो. २६ म्हणजे वीस पट. १२ व्होल्ट काढायला ०.६ व्होल्ट पुरे, फोन तेवढे देतो. २ व्होल्ट देणारा डीएसी (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारा डबा) असेल तर २० डेसिबलवर आणा, फरक लगेच ऐकू येईल.

हम्मिंग येतं, तेही फक्त कॉम्प्युटर जोडल्यावर. तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर आणि तीन पिनांचा कॉम्प्युटर यांच्यात अर्थिंगमधून वर्तुळ झालंय. मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लगची अर्थ पिन कापण्याचा उद्योग करू नका.

बेस आला की आवाज तुटतो आणि सेकंदाने परत येतो. अ‍ॅडॉप्टर कमी पडतोय किंवा कॉइल सॅच्युरेट होतेय. आवाज तुटताना सप्लायवर मीटर ठेवा. व्होल्टेज कोसळलं तर दोष अ‍ॅडॉप्टरचा, जागेवर राहिलं तर कॉइलचा किंवा शॉर्ट होऊ पाहणाऱ्या स्पीकर वायरचा.

रेडिओ खराब होतो. आजोबांच्या खोलीत पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागलेलं असेल आणि बोर्ड ४०० वर चालत असेल, तर त्याची दुप्पट ८०० अगदी शेजारी पडते. एकदम शांत असताना पल्स बरोबर निम्मे असतात म्हणून ही दुप्पट दिसत नाही, गाणं सुरू झालं की दिसते. चिप ५०० किंवा ६०० वरही चालवता येते, त्यासाठी तिचे वेगळे पाय आहेत. बोर्डावर ते मोकळे काढलेले नसतील तर रेडिओ दूर ठेवा आणि स्पीकरच्या दोन वायरींना पीळ द्या.

दोन बोर्ड एका डब्यात घातल्यावर बारीक शिट्टी येते, आणि वेगवेगळे चालवले की जाते. एक ४०० वर आणि दुसरा ४०३ वर चालतोय, त्यांच्यातल्या फरकाचे ३ किलोहर्ट्झ कानाला ऐकू येताहेत. चिपला सिंक नावाचा पाय आहे. एक बोर्ड मुख्य आणि दुसरा त्याच्या मागे चालणारा असं मांडून दोन्हींचे हे पाय छोट्या वायरने जोडले, की दोघं एकाच ठेक्यात चालतात आणि शिट्टी जाते. ते जमण्यासारखं नसेल तर दोन बोर्डांना स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या आणि त्यांच्यामध्ये अर्थ केलेला पत्रा उभा करा.